कुठली परवा

‘हो’ म्हणायच्या जागी ‘हौ’ म्हणते म्हणून गीताचे गुण कापले जात. शाळेत नव्हे. चाळिशीला टेकलेल्या, इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, मुलगी असलेल्या बाईचे, भर नोकरीत.

हैदराबादेत हबसीगुड्याला एक काचेची इमारत आहे. विमा कंपन्यांचे फोन उचलायचं काम तिथे चालतं. एक मजला तेलुगूचा, एक हिंदीचा, आणि हिंदीच्याच मजल्यावर खिडकीकडच्या दोन रांगा मराठीच्या. सांगलीचा, जळगावचा, ठाण्याचा माणूस आपल्या पॉलिसीचं रडगाणं सांगायला फोन लावतो. त्याला वाटतं, आपण पुण्याशी नाहीतर मुंबईशी बोलतोय. बोलत असतो तो तारनाक्याच्या गीताशी. हे त्याला कळू नये असा कंपनीचा आग्रह, म्हणून तिची भाषा तपासायला वर एक माणूस बसवलेला. तो तिचे कॉल ऐकतो आणि शेरे मारतो. ‘हौ’ म्हणाली. ‘हळू’ला ‘हल्लू’ म्हणाली. आवाजात ऊब नाही.

बरं, तिने तरी काय करावं? सासरे बिलोलीकडून तरुणपणी हैदराबादेत आलेले, माहेर त्याच्याही आधीपासून इथलंच. घरात मराठी, गल्लीत दखनी, भाजीवालीशी तेलुगू. भाषा काय लोणच्याची बरणी आहे, फडकं बांधून फळीवर ठेवायला? जिथे राहते तिथलं पाणी तिला लागणारच.

त्यात एक शब्द मात्र असा होता, की तो वरच्या माणसालाही कधी खटकला नाही, कारण तो दिसायला शुद्ध होता. ‘परवा’. हैदराबादी माणसाच्या तोंडात ‘परसों’ला मोजमाप नसतं. कालच्या मागे जे काही गेलं ते सगळं परसों. ‘परसों शादी हुई मेरी’ असं सांगणाऱ्याच्या कडेवर दोन पोरं असतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. गीताच्या मराठीत ही सवय पार मुरलेली. तिची परवा गेल्या आठवड्यातली असेल, गेल्या पावसाळ्यातली असेल, नाहीतर आजोबा वारले तेव्हाचीही असेल. घरच्यांना बरोबर कळायचं. महाराष्ट्रातल्या माणसाला परवा म्हणजे फक्त कालच्या आदला दिवस. एवढं लक्षात असू द्या, पुढे याच्यावरच सगळं अडणार आहे.

आता घरचं.

दसऱ्याच्या आधी तिच्या सासूबाई, सखूबाई, गेल्या. गीता त्यांना आत्याबाई म्हणायची. सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं नातं अशी आपल्याकडे एक समजूत आहे, आणि माणसं ती डोळे मिटून वापरतात. या दोघींचं तसं नव्हतं. गीताच्या लेकीला, प्रणिताला, अंगाखांद्यावर खेळवलं आत्याबाईंनी. गीता रात्रपाळीला असायची तेव्हा तिच्या डब्यात भाकरीखाली चटणी दडवून ठेवायच्या, आणि सकाळी ती आली की विचारायच्या, “आज किती जणांचं ऐकून घेतलंस गं?” किती फोन घेतलेस, असं नाही. किती जणांचं ऐकून घेतलंस. तिच्या नोकरीचं खरं नाव त्या एकटीला ठाऊक होतं. मग गीता चहा पिता पिता सगळं ओकायची, आत्याबाई एकेका ग्राहकाला शेलक्या शिव्या द्यायच्या, आणि गीता हसत हसत झोपायला जायची.

त्या गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलं. लोक तिच्या नवऱ्याच्या, अमरदीपच्या, पाठीवरून हात फिरवत होते, त्याची आई गेली होती. सासऱ्यांना, तातेरावांना, धरून बसले होते, त्यांची बायको गेली होती. प्रणिता आजीसाठी धाय मोकलून रडत होती. गीता चहा करत होती. सून होती ना ती. तिचं काय गेलं, असा प्रश्न कुणाला पडला नाही. खरं सांगायचं तर तिलाही पडला नाही. कंपनीच्या रजेच्या नियमात आई-वडील बसत, नवरा बसे, मूल बसे. सासू बसत नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी भंतेजींची वंदना झाली, आणि दुपारी गीता कानाला यंत्र लावून “नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?” म्हणत होती. वरच्या माणसाने त्याच आठवड्यात पहिल्यांदा लिहिलं, आवाजात ऊब नाही.

अमरदीप लिफ्टच्या कंपनीत. बसवायच्या नव्हे, बिघडलेल्या दुरुस्त करायच्या. दिलसुखनगरच्या सगळ्या शिकवणी वर्गांच्या आणि वसतिगृहांच्या इमारती त्याच्याकडे. पोरं एका लिफ्टमध्ये बारा-बारा घुसतात आणि मध्येच लटकतात. मग अमरदीपचा फोन वाजतो. जेवताना वाजतो, अंघोळीत वाजतो, बुद्धवंदनेत वाजतो. तो पहिल्या घंटीला उचलतो आणि त्याचा आवाज असा बदलतो की जणू दुसराच माणूस. “हौ अम्मा, घबराना नक्को. मैं आरूं. पहले ये बोलो, कब से अंदर हैं?” कधीपासून आत आहात, हा त्याचा पहिला प्रश्न. त्याच्यावरून हवा किती, धीर किती, घाई किती, सगळं कळतं म्हणायचा. वाईट माणूस नव्हे हं तो. पण दिवसभर अडकलेली माणसं काढून घरी आला की त्याला वाटे, आता इथे तरी कुणी अडकलेलं नसावं. आणि असं वाटलं की माणूस बघतच नाही.

तातेरावांनी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जन्म काढला. पुस्तकं मांडायची, पोरांना ‘सायलेन्स’ म्हणून दटावायचं. सखूबाई गेल्यावर त्यांचं डोकं जे सुटलं ते सुटलंच. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून लायब्ररी उघडायला निघायचे. एकदा मेट्रोच्या जिन्यावर सापडले, एकदा थेट कोठीच्या पुस्तकबाजारात, फुटपाथवरची पुस्तकं रांगेत लावत बसलेले. पुस्तकवाल्या म्हाताऱ्यानेच चहा पाजून बसवून ठेवलं होतं, नाहीतर त्या दिवशी गेलेच होते. त्या संध्याकाळी अमरदीप म्हणाला, “बाहेरून कुलूप लावत जाऊ.”

“माणसाला?” गीता म्हणाली.

“दुसरं काय करू लागतीस, सांग.”

तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. बाई ठेवून पाहिली होती. तिला तातेरावांनी चोर समजून काठी उगारली, ती पळाली. म्हणजे ठरवलं अमरदीपने, आणि कुलूप लावायचं रोज गीताने. तो तिच्या आधी निघायचा. प्रणिताचं कॉलेज पहाटेच. शेवटचं माणूस गीता. तेव्हा कोंडायचं पाप कुणाच्या हातचं, हे निराळं सांगायला नको. दुसरी किल्ली प्रणिताकडे, ती दुपार कलल्यावर यायची आणि उघडायची.

टीव्हीच्या वर एक छोटा कॅमेरा बसवला, त्यातून बोलताही यायचं. फोन मात्र गीताला कामाच्या जागी नेता येत नसे, तो कपाटात कुलपात. सुट्टी झाली की ती धावत कपाटापाशी जायची, फोन उघडायची आणि भिंतीकडे तोंड करून सासऱ्यांशी बोलायची, “मामा, जेवलाव का? डब्बा फळीवर आहे.” तातेराव घरभर बघायचे. आवाज टीव्हीवरून येतो हे त्यांना कधी उमगलं नाही. त्यांना वाटायचं, सखू बोलायली.

रोज सकाळी कामाला बसण्याआधी पडद्यावर पाच चेहरे यायचे. रडका, उदास, मध्यम, हसरा, खदखदून हसणारा. आज तुम्हाला कसं वाटतंय? कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी म्हणून कंपनीने हे नवं काढलं होतं. पहिल्या तिघांपैकी एखादा दाबला की बोलावणं यायचं, आणि त्या बोलावण्यात गेलेला वेळ पुन्हा भरून काढावा लागायचा. तेव्हा सगळे चौथा दाबायचे.

“चौथाच दाब गं,” शेजारच्या खुर्चीवरची रेणुका म्हणायची. “पाचवा दाबलास तर विक्रमला वाटतं आपण रिकाम्या आहोत.”

“आणि पहिला?”

“पहिला दाबायला आधी रजा घ्यावी लागते.”

गीता हसायची. हसणं अजून येत होतं, पण झोप गेली होती. ती आडवी व्हायची, डोळे मिटायची, आणि कुलूप नीट लागलं होतं का, की फारच नीट लागलं होतं, असं काहीतरी डोक्यात दळत राहायची. जेवताना घास तोंडात फिरायचा. रस्ता ओलांडताना एक-दोनदा तिच्या मनात आलं की आता थांबलं नाही तर काय होईल. आणि मग थांबली, कारण किल्ली पर्समध्ये होती. बाईने जगावं ते किल्लीसाठी! पण जगली, हे खरं.

हनुमान जयंतीच्या सुमारास एक फोन आला. परभणीचे एकनाथराव म्हणून कुणी गृहस्थ. बायको वारली होती, तिच्या पॉलिसीचं विचारत होते. गीताने नेहमीप्रमाणे विचारलं, “सर, आपलं पॉलिसीधारकाशी नातं?” म्हातारा म्हणाला, “नातं काय सांगू बाई. सकाळी चहा कुणाला विचारायचा हेच कळेना झालंय.”

गीताचं तोंड उघडलं आणि त्यातून काही निघालं नाही. समोर वाक्यं लिहिलेली होती, ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’पासून पुढे सगळी. तिने ती वाचलीही मनात. आवाज फुटेना. म्हातारा “हॅलो, हॅलो, बाई, आहात का?” म्हणत राहिला, आणि शेवटी त्यानेच तिला समजावल्यासारखं म्हटलं, “असू द्या, असू द्या,” आणि फोन ठेवला. यंत्रात एवढं शांत राहणं म्हणजे फार मोठा गुन्हा.

विक्रम हा त्या रांगांचा प्रमुख. नाशिकचा पोरगा, वयाने गीतापेक्षा बराच लहान, स्वतः पित्ताच्या गोळ्यांवर जगणारा. तो तिच्या खुर्चीपाशी वाकून हळूच म्हणाला, “मॅम, तुम्ही हेल्पलाइनला बोलून घ्या ना. सगळं गुप्त असतं. पुण्याच्या मॅडम आहेत, मराठी आहेत. माझ्यावरही वरून प्रेशर आहे, तुम्ही समजून घ्या.”

समजून घ्या! ज्याला त्याला समजून घ्यायला हीच होती. पण ती बोलली. चहाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून. आणि हे मुद्दाम सांगते, ती आशेने बोलली. पलीकडे योगिनी नावाची मुलगी. आवाज खडीसाखरेसारखा, मराठी पुस्तकासारखी.

“गीताताई, अगदी मोकळेपणानं बोला. झोप कशी आहे?”

“नाही लागत.”

“भूक?”

“नाही.”

“रडू येतं का?”

“तेच तर येईना.”

“बरं. आणि मला सांगा, हे सगळं कधीपासून होतंय?”

गीताने जिन्याच्या कठड्याला धरलं. तिच्या डोळ्यांपुढे ती सकाळ आली, गॅसवर चहा उकळतोय आणि बाहेरच्या खोलीत आत्याबाईंना पांढऱ्यात गुंडाळलंय. सांगायचं म्हटलं तर तिथून सांगायला हवं होतं. ती म्हणाली, “परवापासून.”

पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू आला. “अच्छा! म्हणजे अगदी अलीकडचंच आहे. छान झालं तुम्ही इतक्या लवकर आमच्यापर्यंत आलात.”

लवकर? गीताला वाटलं, चांगलं बोलायची रीत असेल त्यांची. पुण्याची माणसं, मान राखून बोलतात. तिने “हौ” म्हटलं, आणि लगेच सवयीने दुरुस्त केलं, “हो.” मग योगिनीने श्वास मोजायला शिकवलं, झोपताना फोन लांब ठेवायला सांगितलं, कोमट दूध सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मुलीचा दोष म्हणाल तर फक्त एवढाच, की तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं आणि तिने पुढे काही विचारलं नाही. शब्द दोघींच्या मध्ये उभा राहिला, आणि दोघींनाही तो आपलाच वाटला.

संध्याकाळी विक्रम खुशीत आला. “मॅम, काही नाही, मी उगाच घाबरलो. दोनच दिवसांचं आहे म्हणे. माइल्ड.”

“दोन दिवसांचं?”

“हो. सगळ्यांना होतं मधूनमधून.”

आणि इथे गीताने जे केलं ते आठवलं की माझा जीव अजून चडफडतो. तिला वाटलं, हा पुण्याच्या मॅडमचा निर्वाळा आहे. दोन दिवसांत बरं वाटेल असं त्या म्हणाल्या. शिकलेल्या बाईने सांगितलंय म्हटल्यावर असणारच तसं. ती घरी जाऊन श्वास मोजायला लागली. दूध कोमट केलं. आणि चक्क वाट बघत बसली, तापाच्या माणसाने घामाची बघावी तशी.

दोन दिवस गेले. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा तिला एकच गोष्ट स्पष्ट कळली. बाकी सगळ्यांचं दोन दिवसांत बरं होतं, माझं होत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. आधी नुसती थकलेली होती. आता लाजली. थकलेल्या माणसाला तरी हात देता येतो, लाजलेला माणूस हात लपवतो.

रविवारी तिने अमरदीपला सांगायचा प्रयत्न केला. तो ताटावर होता.

“अहो, मला बरं वाटेना झालंय.”

“काय होतंय?”

“काय ते सांगता येईना.”

“कोठीच्या डॉक्टरला दाखवून ये ना मग, बाबाचंही औषध घेऊन ये येताना.”

“मम्मी, लाइट लो,” प्रणिता मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. “एक्झाम माझी आहे, टेन्शन तू घेऊ लागलीस.”

“जाऊ परवा,” गीता म्हणाली.

“तुझी परवा येतच नाही मम्मी.” पोरगी हसली. आणि अमरदीपचा फोन वाजला. घास हातात तसाच धरून तो उठला. “हौ भय्या. कब से अंदर हैं?”

गीताने त्याचं ताट झाकून ठेवलं.

मग तो मंगळवार आला. ऊन असं की काचेची इमारत भट्टीसारखी तापलेली. सकाळी कुलूप लावताना तातेरावांनी आतून विचारलं होतं, “कोण लावू लागलं कडी?” ती तशीच जिना उतरली. दुपारच्या सुट्टीत तिने कपाट उघडलं, फोन काढला. पडद्यावर बाहेरची खोली दिसत होती. डबा न उघडलेला. तातेराव दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेले, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि तळहाताने मागे दार वाजवत होते. जोर संपलेला होता. नुसताच हात पडत होता.

“मामा,” ती म्हणाली. “मामा, उठा, पाणी प्या.”

त्यांनी मान वर केली. चेहरा एकदम उजळला. “सखू! कुठं गेल्तीस गं? बघ, सुनेनं कोंडलंय मला. रोज कोंडती. पोराला सांगू नको, तो तिला बोलल. तू नुसतं दार उघड.”

‘पोराला सांगू नको, तो तिला बोलल.’ हे ऐकून गीताचं जे उरलंसुरलं होतं तेही ढासळलं. शिवी दिली असती तर सोसली असती तिने, दिवसभर तेच तर सोसत होती.

“उघडतीस ना सखू?”

“हौ,” गीता म्हणाली. आत्याबाईंच्या आवाजात म्हणाली. कसा आला तो आवाज, तिलाच कळलं नाही. “हौ, उघडते.”

सुट्टी संपल्याचा दिवा लागला. मराठीच्या रांगेत फोन तुंबले होते, विक्रम लांबून हात हलवून बोलावत होता. गीता पर्स आणि फोन घेऊन तशीच चालायला लागली, पण खुर्चीकडे नाही. कोपऱ्यात एक खोली होती, दारावर ‘मनःशांती कक्ष’ अशी पाटी, आत दोन मऊ गाद्या आणि प्लॅस्टिकचं झाड. मजल्यावरची पोरं तिला ‘रडकी खोली’ म्हणत, आणि म्हणूनच तिच्यात कुणी जात नसे. गीता आत गेली आणि तिने आतून कडी घातली.

आधी विक्रमने दार ठोठावलं. मग रेणुकाने. “गीता, ए गीता, बोल की गं.” आतून हूं नाही की चूं नाही. रेणुकाने दाराला कान लावला आणि पांढरीफटक होऊन म्हणाली, “ती श्वास मोजू लागली आहे. नुसते आकडे म्हणू लागली आहे.” पहारेकरी पेचकस आणायला धावला. विक्रमने अमरदीपला फोन लावला. “सर, तुमच्या मिसेस दार उघडत नाहीयेत.”

अमरदीप दिलसुखनगरहून गाडी हाणत आला. मजल्यावर लोक उभे, तेलुगूवालेही वरून उतरून आलेले. त्याने दार वाजवलं आणि पहिलं वाक्य जे त्याच्या तोंडून निघालं ते असं, “गीता, दार उघड. सगळे बघायलेत.”

काही नाही.

“अगं, असं काय करतीस? नोकरी जाईल ना.”

दाराखालून काहीतरी सरकत आलं. किल्ली होती, लाल दोऱ्याची, घराच्या कुलपाची.

“मामाला काढा आधी,” आतून आवाज आला. “दारापाशी बसलेत. मी उघडते म्हणालेय.”

अमरदीपने किल्ली उचलली. ती गरम होती, किती वेळ मुठीत धरलेली कोण जाणे. त्याने प्रणिताला फोन लावला, वर्ग सोडून घरी जा, आत्ता, काही विचारू नको, आजोबाजवळ बस. मग तो दारासमोर उभा राहिला, आणि त्याला पुढे काय करायचं ते सुचेना. पेचकस घेऊन पहारेकरी शेजारी. “खोलूं साब?”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सवय बघा माणसाची. बायको आत कोंडून घेऊन बसलेली, आणि याने पहिल्या घंटीला उचलला. आवाज बदलला. “हौ अम्मा. घबराना नक्को. पहले ये बोलो, कब से अंदर हैं?”

आतून एक आवाज आला. हसल्यासारखा सुरू झाला, पण हसणं नव्हतं ते.

“तिला विचारलंत,” गीता आतून म्हणाली. “कोण कुठली बाई, तिला पहिलं हेच विचारलंत.”

अमरदीपच्या कानाशी फोन तसाच. पलीकडची बाई तेलुगूत घाबरून काहीतरी सांगत होती. तो तिला म्हणाला, “अम्मा, उदयला पाठवतो, पाच मिनिटांत येईल.” मराठीतच म्हणाला, त्याला भानही नव्हतं. मग उदयला, हाताखालच्या पोराला, निरोप दिला आणि फोन बंद केला. पहारेकऱ्याला हाताने मागे सारलं. दाराशी जमिनीवर मांडी घालून बसला, अगदी दाराला खांदा लावून.

“गीता,” तो म्हणाला. “कधीपासून?”

 मग आतूनही कुणीतरी दाराला टेकल्यासारखं झालं, खालून येणारा उजेड बुजला.

“परवापासून.”

“हो सर,” विक्रम घाईने पुढे झाला, “दोनच दिवस झालेत, आमच्या पुण्याच्या मॅडमनी पण तेच—”

अमरदीपने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हा तारनाक्यात जन्मलेला माणूस. त्याची आई ‘परवा तू रांगायचास’ म्हणायची. त्या एका शब्दाच्या विहिरीला तळ नसतो हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं, आणि इतके महिने बायकोच्या तोंडून तो ऐकूनही त्याने कधी दोर सोडून पाहिला नव्हता.

“कुठली परवा?” त्याने विचारलं.



“आत्याबाई गेल्या ती.”

अमरदीपने डोकं दाराला टेकलं. त्याला ती सकाळ आठवत होती, पण तीत गीता कुठे होती ते आठवेना. कितीही आठवलं तरी चहाचा कप दिसे, तो देणारा हात दिसे, चेहरा दिसेना.

“मला रडायचं होतं,” ती म्हणाली. “माणसं येऊ लागली होती. दूध संपलं होतं. मग तुम्ही झोपलाव. मग कामाची पाळी लागली. मग मामा... मला कुणी विचारत नाही हो, किती जणांचं ऐकून घेतलंस म्हणून. तीच एक विचारायची. तुमची माय गेली, मामाची बायको गेली. माझी कोण गेली, ते मला माहीतच नाही. काय म्हणू तिला?”

 आत आता आकडे मोजणं थांबलं होतं आणि ती रडत होती, वेडंवाकडं, लहान पोरासारखं, श्वास अडकून. रेणुकाने तोंडाला ओढणी लावली. विक्रमने मागच्या लोकांना जा, जा, म्हणून हातवारे केले, आणि मग स्वतःच भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या खिशातला फोन वाजत होता. वरून असेल. त्याने उचलला नाही.

“दार उघडू?” गीताने आतून विचारलं. विचारण्यात भीती होती, जणू दार उघडलं की बाहेर तीच रांग, तेच पाच चेहरे.

“नको,” अमरदीप म्हणाला. “मी इथंच आहे. तू सांग.”

“खूप आहे.”

“हौ. सांग.”

प्रणिताचा फोन आला, आजोबा पाणी प्यायले, आता विचारू लागलेत, सखू का नाही आली. अमरदीपने तो दाराच्या फटीशी धरला. आत गीता काही बोलली, बाहेर नीट ऐकू आलं नाही. कडी अजून तशीच होती. पेचकस हातात धरून पहारेकरी उभा होता, आणि ती आतून सांगत होती, पहिल्या परवापासून.